लागू नसेल ते खोडावे

सरकारी भांडारात आलेल्या प्रत्येक वस्तूच्या बिलामागे एक शिक्का मारावा लागतो. तो शिक्का माझ्या टेबलावर अठरा वर्षं आहे. मध्ये दोनदा रबर झिजलं म्हणून नवा करून घेतला, मजकूर तोच राहिला. 'वरील साहित्य प्राप्त झाले / बसविले / कार्यान्वित केले.' खाली बारीक अक्षरात, 'लागू नसेल ते खोडावे.' खुर्च्या आल्या की पुढचे दोन शब्द खोडायचे. पंखे आले की फक्त 'प्राप्त झाले' ठेवायचं आणि ते छताला लागून फिरायला लागले की बाकीचं तारखेनिशी लिहायचं. मी भांडारपाल. माझ्या कामाचा निम्मा भाग खोडण्याचा आहे.

रुग्णालय कोणतं ते लिहीत नाही. उल्हासनगर संपून अंबरनाथ सुरू होतं त्या बाजूचं, राज्य सरकारचं, लहानसं. येणारे बहुतेक कारखान्यांतले कामगार आणि त्यांच्या घरची माणसं. मी बदलापूरला खरवईच्या बाजूला राहते. सकाळी निघण्याआधी वहीत दिवसाच्या कामांची यादी लिहिते, संध्याकाळी झालेली कामं खोडते, राहिलेली दुसऱ्या दिवशीच्या पानावर घेते. घरात या वहीची चेष्टा होते. "आई, श्वास घ्यायचं लिहिलंस का? नाहीतर राहून जाईल," असं माझी मुलगी म्हणते.

कान तपासायचं यंत्र आमच्याकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलं. मागणी आम्हीच केली होती. प्रेसवर, कटिंगवर काम करणाऱ्या माणसांचे कान जातात आणि तपासणीसाठी त्यांना लांब पाठवावं लागतं, असं मागणीपत्रात मीच टाइप केलं होतं. खरेदी मात्र मुंबईच्या मुख्य कार्यालयाची. निविदा, दर, पुरवठादार, सगळं तिकडे ठरतं. इकडे टेम्पो येतो, आम्ही खोकी मोजून घेतो.

यंत्र म्हणजे छोट्या सुटकेसएवढी पेटी, एक हेडफोन आणि रुग्णाने हातात धरायचं बटण. हेडफोनमधून बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की रुग्णाने बटण दाबायचं. कुठला आवाज ऐकू येतो, कुठला नाही, याचा आलेख कागदावर निघतो. अर्थात त्यासाठी बाहेरचं काही आत ऐकू येणार नाही अशी बंद केबिन लागते. केबिन याच खरेदीत होती, पण दुसऱ्या पुरवठादाराकडून यायची होती. ती आली नव्हती.

पुरवठादाराचा इंजिनिअर माझ्या शेजारच्या खोलीत गेला, वायर लावली आणि मला हाक मारली.

"मॅडम, देखो. लाईट लागली ना?"

"लागली."

"आवाज पण येतोय. कानाला लावा."

मी लावला. कुठेतरी एक बारीक टुक वाजलं.

"मग झालं. बिलावर मारून द्या, मला अजून तीन ठिकाणी जायचंय."

बिल घेऊन मी अधीक्षकांकडे गेले. साहेब निवृत्तीच्या जवळ आलेले, स्वभावाने मऊ. मी म्हटलं, "साहेब, यंत्र प्राप्त झालंय. बाकीचं खोडते. केबिन आल्यावर लिहू."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, आज तारीख काय? तुम्ही खोडलंत तर बिल परत येईल. बिल परत आलं की निधी परत जाईल. निधी गेला की यंत्रसुद्धा जाईल. केबिन आठ दिवसांत येतेय, मी स्वतः फोनवर बोललोय."

"पण कार्यान्वित कुठे झालंय?"

"लाईट लागली ना? मग? तुम्ही काही खोटं लिहू नका. फक्त खोडू नका."

हे वाक्य मला तेव्हा पटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. त्या दिवशी माझ्यापुढे बिलांचा गठ्ठा होता, पेन हातात होतं आणि त्या एका बिलावर मी ते चालवलं नाही. खाली सही केली.

मुख्य कार्यालयाने खरेदीवर देखरेख राहावी म्हणून एक पोर्टल केलं होतं. राज्यातल्या कुठल्या रुग्णालयात कोणतं यंत्र आहे, ते चालू की बंद, सगळं एका पडद्यावर. ही कल्पना मला फार आवडली होती. शेवटी यादीच ती. शिक्क्याचं बिल स्कॅन करून चढवलं की यंत्राच्या नावापुढे हिरवा ठिपका यायचा. केसपेपरची संगणक प्रणाली त्या पोर्टलला जोडलेली होती. जिथे हिरवा ठिपका आहे ती तपासणी बाहेर पाठवता येत नाही, कारण सुविधा इथेच आहे. आमच्या रुग्णालयात कान तपासणीपुढे हिरवा ठिपका आला.

केबिन आठ दिवसांत आली नाही. महिन्यातही नाही.

जूनच्या सुरुवातीला केसपेपरच्या खिडकीवर आवाज चढलेला ऐकू आला म्हणून मी बाहेर गेले. चाळिशीचा एक माणूस मोठ्याने बोलत होता आणि त्याची बायको त्याच्या दंडाला हात लावून त्याला हळू बोलायला सांगत होती. तो भांडत नव्हता. त्याला स्वतःचा आवाज किती मोठा होतोय ते कळत नव्हतं.

खिडकीवरचे कारकून उल्हासनगरचे सिंधी, माझ्यासोबत बारा वर्षं आहेत. ते मला म्हणाले, "दीदी, तुम्हीच समजवा यांना. कम्प्युटर बोलतोय मशीन इथे आहे, तर मी चिठ्ठी बाहेरची कशी काढू? बटण दाबतो तर लाल पट्टी येते. साईं, माझं काय चालतंय इथे? मी तर नुसता बोट आहे."

त्या बाईंनी मला बघून हात जोडले. "जयभीम, ताई. तुम्ही तरी नीट सांगा. डॉक्टर म्हणतात इथं तपासता येत नाही. हे म्हणतात बाहेर पाठवता येत नाही. मग आम्ही जायचं कुठं?"

त्यांना मी भांडारात बसवलं. घर मोरिवलीत, कारखान्याच्या भिंतीला लागून म्हणावं इतकं जवळ. नवरा सतरा वर्षं प्रेसवर, पत्र्याला भोकं पाडणाऱ्या यंत्रावर. दोन वर्षांपासून ऐकू कमी येत होतं, आता मागून हाक मारली तर वळत नव्हता. कारखान्याने सांगितलं होतं, सरकारी रुग्णालयाचा दाखला आणा, पॅकिंगला टाकतो. दाखला नसेल तर प्रेसवर उभं राहायचं. खाजगी तपासणी ते धरत नव्हते, कारण पूर्वी कुणी खोटे कागद आणले होते.

"कानात कापूस घालून जातात," बाई म्हणाल्या. "तेवढ्यानं काय होतंय? रोज थोडं थोडं जातंय, ताई. आधी कुकरची शिट्टी ऐकू यायची. आता तीबी नाही."

तो माणूस आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. मग एकदम मोठ्याने म्हणाला, "मशीन आलंय ना? मग लावा की!"

भांडारातली हेल्पर दचकली. बायको हसली, मग तिलाच ते बरं वाटलं नाही.

कान-नाक-घशाचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत. मी त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी एकदा प्रयत्न करून बघितला होता. खोलीची एक भिंत रस्त्याला, दुसरी पाण्याच्या पंपाला. "या खोलीत मी काढलेला आलेख म्हणजे बाहेर मागे येणाऱ्या टेम्पोचा आलेख," ते म्हणाले. "त्यावर मी दाखला देणार नाही. उद्या कुणी विचारलं तर माझी सही."

माझी सही आधीच होऊन गेली होती, ते त्यांना माहीत नव्हतं.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. केबिनसाठी स्मरणपत्र. पोर्टलवर यंत्र 'बंद' दाखवता येतं का ते बघणं. तिथे एकच सोय होती, 'नादुरुस्त'. ते दाबलं तर तक्रार थेट पुरवठादाराकडे गेली, इंजिनिअर आला, वायर लावली, लाईट दाखवली आणि 'तक्रार निराकरण' करून गेला. या सगळ्यात हिरवा ठिपका हलला नाही. यंत्र बिघडलेलंच नव्हतं, त्यामुळे दुरुस्तही होत नव्हतं. दुसरं स्मरणपत्र. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. दोन ओळी होत्या. 'आपल्या संस्थेने संच पूर्ण बसवून कार्यान्वित झाल्याचे प्रमाणित केले आहे. सबब मागणी निकाली काढण्यात येत आहे.' म्हणजे केबिन न येण्याचं कारणही माझा शिक्काच होता. पूर्ण झालेल्या गोष्टीचा उरलेला भाग कोण पाठवणार?

आता एकच मार्ग होता. मी लेखी द्यायचं की प्रमाणपत्र चुकीचं आहे, दोन शब्द खोडायला हवे होते. हे मला त्या उत्तराच्या दिवशी नव्याने कळलं असं मी म्हणणार नाही. जूनमध्येच, ती बाई समोर बसलेली असताना, कळलं होतं. त्या दिवशीच्या पानावर सातव्या क्रमांकाला लिहिलंय, 'प्रमाणपत्र दुरुस्ती, पत्र.' दुसऱ्या दिवशी ते पुढच्या पानावर घेतलं. नंतर रोज घेत गेले. माझी वरच्या पदाची फाइल त्याच सुमारास मुंबईला गेली होती आणि दुसऱ्या एका कार्यालयातल्या भांडारपालाला खोट्या प्रमाणपत्रावरून निलंबित केल्याचं कानावर आलं होतं. ही कारणं आहेत. ती मी इथे मांडते आहे, आड घेत नाही.

ती दोघं महिन्यातून एकदा येत. कधी बाई एकट्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एकदा त्यांनी घरच्या करंज्या आणल्या, डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही एवढी पत्रं लिहिता आमच्यासाठी." मी डबा घेतला. त्यातली एकही करंजी मला खाववली नाही. हेल्परला आणि खिडकीवरच्या कारकुनांना वाटून टाकल्या. कारकून खाऊन म्हणाले, "दीदी, या लोकांचं काहीतरी करा हां. मला खिडकीत यांचं तोंड बघून लाज येते."

जानेवारीत पत्र आलं की मुख्य कार्यालयाचं पथक खरेदी झालेल्या यंत्रांची प्रत्यक्ष पडताळणी करायला येणार आहे. साहेबांनी बैठक घेतली. सगळ्या यंत्रांवर रंगाने क्रमांक घालून घ्यायचे, जाळी झाडायची, बंद पडलेला जुना फ्रीज मागे न्यायचा. कान तपासणीचं यंत्र एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत हलवायचं, तिथे त्यातल्या त्यात शांत असतं. वॉर्डबॉयच्या कानाला हेडफोन लावून त्याला बटण दाबायला बसवायचं.

"साहेब, तो काय ऐकणार?"

"बाई, त्याला सांगा, दर पाच सेकंदांनी दाबायचं. पथक काय आलेख वाचणार आहे?" साहेब हसले, मग माझ्याकडे नीट बघून थांबले. "चार महिने राहिलेत माझे. तुमचीही फाइल वर आहे. उगाच काही बोलू नका."

पथक म्हणजे एक अधिकारी बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, हातात टॅबलेट, आणि सोबत त्यांचा ड्रायव्हर. सकाळपासून त्यांचं हे तिसरं रुग्णालय होतं. त्या भराभर चालत होत्या. यंत्र दिसलं की फोटो, क्रमांक, 'उपलब्ध, होय', 'कार्यान्वित, होय', पुढचं. मी सोबत नोंदवही उघडून पान दाखवत होते. त्यांचं काम मला परकं वाटलं नाही. मीही तसंच करते. दिसलं ते मांडायचं आणि पुढे जायचं.

एक्स-रेच्या खोलीत वॉर्डबॉय हेडफोन लावून बसला होता. आम्ही आत शिरलो तसा तो घाबरून सारखं बटण दाबायला लागला. अधिकारी बाईंनी फोटो काढला. टॅबलेटवर बोट गेलं.

मी म्हटलं, "मॅडम, चालू नाहीये."

साहेब म्हणाले, "बाई."

अधिकारी बाईंनी वर बघितलं. "लाईट तर आहे."

"लाईट लागते. तपासणी होत नाही. याला केबिन लागते, ती आलेली नाही. हे यंत्र आज सकाळी या खोलीत आणलंय. आल्यापासून त्यावर एकाही रुग्णाची तपासणी झालेली नाही." मी नोंदवही मिटली. "बिलामागचं प्रमाणपत्र माझं आहे. बसविले आणि कार्यान्वित केले हे दोन शब्द मी खोडायला हवे होते. मी खोडले नाहीत."

वॉर्डबॉयने हेडफोन काढला.

"विसरलात?" अधिकारी बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता. ती वाट त्यांनी मुद्दाम मोकळी करून दिली होती, हे मला कळलं.

"नाही. आठवणीने ठेवले."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "ताई, मी 'नाही' लिहिलं तर खुलासा तुमच्याकडून मागतील. पुरवठादाराकडून नाही, आमच्याकडून नाही. सही ज्याची, प्रश्न त्याला. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"लेखी द्याल?"

"पत्र तयार आहे," मी म्हटलं. ते मी रविवारीच लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. काढून दिलं.

त्यांनी दोनदा वाचलं आणि टॅबलेटवर 'नाही' दाबलं. खाली शेरा लिहायला जागा होती, तिथे बराच वेळ लिहीत राहिल्या. साहेब मधेच बाहेर निघून गेले. नंतरचे तीन आठवडे ते माझ्याशी फक्त चिठ्ठीने बोलले. मला त्यांचा राग आला नाही. मार्चमध्ये त्यांनी जे सुचवलं ते मी ऐकलं होतं.

दुपारी खिडकीवरचे कारकून धावत भांडारात आले. "दीदी! लाल झालं, लाल! ठिपका लाल झाला! आता चिठ्ठी निघते. मोरिवलीवाल्यांचा नंबर द्या लवकर, पुन्हा हिरवा व्हायच्या आत!" नंबर माझ्या वहीत होता. मी फोन लावला, बाईंनी उचलला. उद्याच या म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मशीन लागलं का, ताई?" मी म्हटलं, "नाही. पण आता दुसरीकडे जाता येईल."

ठाण्याला त्यांची तपासणी झाली. आलेख घेऊन ती दोघं आमच्या डॉक्टरांकडे आली तेव्हा मीही आत गेले. डावा कान जवळजवळ गेलेला. उजव्यात थोडं शिल्लक. दाखला झाला, त्या आठवड्यात कारखान्याने त्याला पॅकिंगला टाकलं. इतकं झालं ते चांगलंच झालं.

ती दोघं बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "जूनमध्ये तपासणी झाली असती तर?"

"तर काय?"

"तर डावा वाचला असता का?"

ते आलेख पाकिटात घालत होते. म्हणाले, "जूनमध्ये डाव्या कानात किती होतं?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही. तेव्हाचा आलेखच नाही. तुलना कशाशी करू?" मग माझ्याकडे बघून जरा हळू आवाजात म्हणाले, "काही तरी गेलंच असणार. सात महिने रोज आठ तास प्रेसजवळ. पण किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही."

कारणे दाखवा नोटीस फेब्रुवारीत आली. सोबत एक तक्ता भरायचा होता. अनियमिततेचं स्वरूप, जबाबदार कर्मचारी, दुरुस्तीसाठी केलेली कार्यवाही. हे सगळं मी अर्ध्या तासात भरलं, असे तक्ते मला सोपे जातात. शेवटचा रकाना होता, 'अनियमिततेमुळे झालेले नुकसान.' आस्थापनेतल्या एका अनुभवी सहकाऱ्याने सल्ला दिला, "निरंक लिहा. शासनाचं नुकसान कुठे झालंय? यंत्र जागेवर आहे."

मी दोन दिवस तो रकाना सोडून ठेवला. निरंक लिहिता येईना. आकडाही नव्हता. ज्या गोष्टीची मोजणीच माझ्यामुळे झाली नाही, ती किती गेली ते मी कुठून आणणार? शेवटी लिहिलं, 'एका कामगाराची श्रवणशक्ती. सात महिने तपासणी न झाल्याने किती, हे निश्चित करता येत नाही.' वाचून बघितलं, काही खोडलं नाही. जावक क्रमांक घालून पाठवून दिलं.

निर्णय अजून आलेला नाही. वरच्या पदाची यादी लागली, त्यात माझं नाव नाही. केबिनचे पत्रे मागच्या महिन्यात आले. बिलामागे मी फक्त 'प्राप्त झाले' ठेवलं आहे, जोडणी व्हायची आहे. मोरिवलीच्या बाई परवा अंबरनाथच्या बाजारात दिसल्या, सोबत नवरा होता. मी त्याच्या डाव्या बाजूने हाक मारली. तो तसाच पुढे चालत राहिला. बाईंनी त्याला कोपराला धरून माझ्याकडे वळवलं.